शाळेत मानसशास्त्रज्ञ कोणासाठी?

पहिल्या सत्राचे निकाल हाती पडले की पालकसभेत काही वाक्ये दरवर्षी ऐकू येतात. “टीचर, तोंडी विचारलं की सगळं सांगतो, पण पुस्तक समोर धरलं की गप्प बसतो.” “दुकानावर हिशेब चोख करते, पेपरात मात्र नापास.” “ट्युशन लावली, मार देऊन पाहिला, काही फरक नाही.” आणि शेवटी एक सुस्कारा, “डोकंच चालत नाही हो, काय करणार!” त्यावर वर्गशिक्षकांची उत्तरेही ठरलेली असतात. लक्ष देत नाही, मेहनत कमी पडते, घरी अभ्यास घ्या. ही उत्तरे खोटी असतात असे नाही; पण उद्या सकाळपासून नेमके काय वेगळे करायचे, हे त्यातून ना आईला कळते, ना मुलाला, ना खुद्द शिक्षकाला.

वर्षे अशीच जातात. तिसरीत अडखळणारे मूल पाचवीत मागच्या बाकावर जाते, सातवीत सगळा वर्ग त्याला ‘ढ’ म्हणू लागतो आणि नववीत एक दिवस ते यायचेच बंद होते. मुलगा असेल तर गॅरेजवर नाहीतर मामाच्या दुकानात दिसतो. मुलगी असेल तर घरकामाला लागते आणि तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. विचारले तर ‘घरगुती अडचण’ एवढेच सांगितले जाते. खरी अडचण कोणती होती, हे कुणी तपासलेलेच नसते.

ती अडचण शोधायला मदत करणाऱ्या माणसाविषयी या महिन्यात बोलू या. तो म्हणजे शालेय मानसशास्त्रज्ञ. आपल्याकडे हे नाव काढले की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, वेड्यांचा डॉक्टर किंवा परीक्षेच्या आधी भाषण देऊन जाणारा पाहुणा. खरे काम या दोन्हींपेक्षा वेगळे आहे, आणि त्यातला मोठा भाग मुलाबरोबर नव्हे तर शिक्षकाबरोबर करायचा असतो.

हा माणूस करतो काय?

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना कशी मदत द्यावी, हे ठरवायला 1904 साली तिथल्या सरकारने एक समिती नेमली. त्या कामातून अल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमोन यांनी 1905 मध्ये बुद्धीची पहिली व्यवहार्य चाचणी तयार केली. कोणत्या मुलाला जास्त मदत लागेल हे कळावे, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी जन्मतःच मोजून मिळते आणि पुढे बदलत नाही, हा विचार बिने यांना मान्य नव्हता. पुढे 1913 मध्ये लंडनच्या कौंटी कौन्सिलने शाळांसाठी सिरिल बर्ट यांची मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली. इंग्लंडमधली अशी ही पहिली नेमणूक. तिथे आजही स्थानिक परिषदांच्या सेवेत असे तज्ज्ञ असतात आणि एकेक जण अनेक शाळा सांभाळतो.

त्याचे काम साधारण असे चालते. तो मुलाला एकदम खोलीत बोलावून प्रश्न विचारत नाही. आधी वर्गात मागे बसून पाहतो. वह्या चाळतो, घरच्यांशी बोलतो, मग गरज असेल तर चाचणी घेतो. त्यानंतर शिक्षकाजवळ बसून पुढच्या सहा आठवड्यांचा छोटासा आराखडा तयार करतो. काय बदलायचे, कुणी बदलायचे आणि फरक पडला की नाही हे कशावरून ओळखायचे, एवढेच त्यात असते. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहायचे.

आम्ही बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्र शिकतो. पाव्हलॉवचा कुत्रा, थॉर्नडाईकचे नियम, पियाजेच्या अवस्था. परीक्षेत उत्तरेही बरी लिहितो. पण चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात सोमवारी सकाळी सहावीतला एक मुलगा वही उघडायलाच तयार नसतो, तेव्हा त्यातले काय वापरायचे, हे शेजारी कुणी अनुभवी माणूस असल्याशिवाय सुचत नाही. पुस्तकातले मानसशास्त्र आणि वर्गातले मूल यांच्यामध्ये एक पायरी सुटलेली आहे. ती पायरी म्हणजे हा तज्ज्ञ.

पालकांच्या मनातला एक घोळ इथेच दूर करू या. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि औषध देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलतो, आराखडा देतो. गोळ्या लिहून देत नाही. समुपदेशक मुलाशी आणि घरच्यांशी बोलून वाट काढायला मदत करतो. विशेष शिक्षक वाचन, लेखन, गणित वेगळ्या पद्धतीने शिकवतो. यांतल्या कुणाकडेही गेल्याने मूल वेडे ठरत नाही. डोळ्याला चष्मा लागतो तेव्हा आपण लाजत नाही. इथेही लाजण्याचे कारण नाही.

एक मूल, चार लिप्या

आता आपल्या घरातल्या मुलाकडे पाहू. उर्दू माध्यमात शिकणारे मूल सकाळी किंवा संध्याकाळी मक्तबमध्ये अरबी वाचते. शाळेत उर्दूच्या नस्तालीक वळणात लिहिते. मराठी आणि हिंदीसाठी देवनागरी, इंग्रजीसाठी रोमन. उर्दू-अरबी उजवीकडून डावीकडे, बाकी दोन्ही डावीकडून उजवीकडे. इतका भार घेऊन बहुतेक मुले व्यवस्थित पुढे जातात, ही कौतुकाचीच गोष्ट आहे. पण एखादे मूल अडले, तर ते नक्की कुठे अडले हे ओळखायला या लिप्यांची वळणे माहीत असावी लागतात.

उर्दूत बे, पे, ते, से यांचा सांगाडा एकच असतो. फरक फक्त नुक्त्यांचा, एक खाली, तीन खाली, दोन वर, तीन वर. तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे दिसते. मक्तबमधल्या पाऱ्यात जेर, जबर, पेश सगळे दिलेले असतात. उर्दूच्या नेहमीच्या छपाईत ते गाळलेले असतात. त्यामुळे ‘इस’ आणि ‘उस’ हे दोन्ही शब्द कागदावर सारखेच दिसतात, अलिफ आणि सीन. कोणता वाचायचा हे वाक्यावरून ठरवावे लागते. ‘स’ या एका आवाजासाठी से, सीन, स्वाद अशी तीन अक्षरे आहेत आणि ‘ज़’साठी तर ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोए अशी चार. मजकूर उजवीकडून वाचायचा, पण त्यातला आकडा मात्र डावीकडून. उर्दूचा सात आणि आठ हे एकमेकांचे उलटे रूप.

मराठीत वेगळीच वळणे. ‘कि’ची वेलांटी दिसते आधी आणि उच्चारायची नंतर. ‘र’ कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी अक्षराच्या पायात जातो. शिवाय ‘ण’ आणि ‘ळ’ हे आवाज उर्दूत नाहीतच. म्हणून घरी उर्दू बोलणारे मूल ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘शाळा’चे ‘शाला’ लिहिते. हा बुद्धीचा दोष नाही आणि कोणती अक्षमताही नाही. तो घरच्या भाषेचा ठसा आहे आणि सरावाने जातो. कोकणात घरी मराठीच बोलणाऱ्या आपल्या मुलांकडून ही चूक सहसा होत नाही, यावरूनच ते लक्षात येते.

मग खरी अडचण कधी समजावी? सर्वात उपयोगी प्रश्न हाच, की अडचण एकाच लिपीत आहे की सगळ्यांत? मूल उर्दू छान वाचते आणि फक्त मराठीत मागे आहे, तर त्याला मराठी कमी ऐकायला मिळाली असण्याची शक्यता अधिक. पण जी भाषा ते घरी सफाईने बोलते तीही वाचता येत नसेल, आणि सर्व लिप्यांमध्ये सारखीच धडपड दिसत असेल, तर नीट तपासणी करायला हवी. अशी मुले गोष्ट ऐकून तिचा अर्थ बरोबर सांगतात. ‘कलम’मधला ‘क’ काढला तर काय उरते, असे विचारले की मात्र गोंधळतात. फळ्यावरचे उतरवताना ओळी सुटतात. एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिहितात. मक्तबमध्ये एखादे मूल ऐकून ऐकून सबक सुरेख पाठ म्हणून दाखवते, पण त्याच पाऱ्यातल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले तर वाचू शकत नाही. अशा मुलाची स्मरणशक्ती चांगली आहे. अडचण अक्षर ओळखून आवाज जुळवण्यात आहे. म्हणूनच आमचे सांगणे असते की शाळेतल्या टीचरनी मक्तबच्या हाफिज साहेबांनाही एकदा विचारावे. त्यांनी पाहिलेले बहुमोल असते.

वाचनाची ही अडचण म्हणजे डिस्लेक्सिया. लेखनाची डिसग्राफिया, गणिताची डिस्कॅल्क्युलिया. तिघींना मिळून विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. 2007 साली आलेल्या ‘तारे ज़मीन पर’ या सिनेमामुळे डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात पोहोचला. पण सिनेमातल्या मुलाला एक शिक्षक भेटला आणि वर्षभरात सगळे बदलले. प्रत्यक्षात काम संथ असते आणि ते अनेकांना मिळून करावे लागते.

उर्दूची उणीव आणि शिक्षकाची नोंद

आपल्या देशात या तपासणीसाठी भारतीय भाषांतली साधने कमी आहेत. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये ‘डाली’ नावाचा संच प्रसिद्ध केला. त्यात शिक्षकांनी वर्गातच वापरायच्या प्राथमिक चाळणीच्या प्रश्नावल्या आहेत आणि पुढची सविस्तर चाचणीही आहे. पहिल्यांदा तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत आला. मराठी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी ही चांगली सोय आहे. त्या पहिल्या चार भाषांत उर्दू नव्हती.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. उर्दू माध्यमातले मूल तपासणीला गेले की वाचनाची चाचणी बहुधा इंग्रजीत किंवा देवनागरीत होते, म्हणजे ज्या लिपीत त्याचे शिक्षण झालेलेच नाही त्या लिपीत. मग दोन्ही बाजूंनी फसगत होऊ शकते. अक्षमता नसलेल्या मुलावर शिक्का बसू शकतो, आणि खरी अक्षमता ‘भाषा येत नाही’ म्हणून सुटून जाऊ शकते.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढणे उर्दू शिक्षकाच्या हातात आहे. तपासणाऱ्याला नस्तालीक वाचता येत नसेल, तर मूल उर्दूत काय करते हे त्याला आम्हीच सांगू शकतो. ‘अभ्यासात कमजोर’ असे दोन शब्द लिहून पाठवल्याने काही होत नाही. नोंद अशी हवी: ‘सहावीचे मूल तिसरीच्या उर्दू पुस्तकातला साठ शब्दांचा उतारा वाचताना चौदा ठिकाणी अडले. नऊ ठिकाणी नुक्त्यांची गल्लत. तोच उतारा आम्ही वाचून दाखवल्यावर पाचपैकी पाच प्रश्नांची तोंडी उत्तरे बरोबर. मराठीत जोडाक्षरे अजिबात वाचत नाही. इंग्रजीत बी आणि डी उलटे.’ तारीख घालून महिन्याच्या अंतराने अशा तीन नोंदी आणि वह्यांच्या दोन पानांच्या झेरॉक्स जोडल्या, की तज्ज्ञाचे निम्मे काम सोपे होते. मानसशास्त्रज्ञाशिवाय शिक्षक अपुरा आहे, तसा शिक्षकाशिवाय मानसशास्त्रज्ञही अपुरा आहे.

वाट कुठून जाते?

अनेक पालक विचारतात, “पण जायचं कुठं?” वाट आहे, ती क्रमाने चालावी.

आधी डोळे आणि कान. पाहायला किंवा ऐकायला कमी येणारे मूल वर्षानुवर्षे ‘लक्ष देत नाही’ या नावाखाली बसून राहते. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक तपासणीला येते. 2013 पासून ही योजना सुरू आहे आणि तिच्या यादीत नजर, श्रवण यांच्याबरोबर अध्ययनाच्या अडचणीही आहेत. पथक येणार त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा की याला नीट दाखवा. पथकाच्या चिठ्ठीवर पुढे जिल्हा स्तरावरच्या केंद्रात जाता येते.

दुसरे ठिकाण तालुक्याचे गट साधन केंद्र. समग्र शिक्षा योजनेतले समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक तिथून काम करतात. मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांमार्फत लेखी कळवले तर त्यांची शाळाभेट ठरवता येते.

तिसरी पायरी प्रमाणपत्राची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आली. मुलांमधली ही अडचण लवकरात लवकर ओळखणे आणि त्यानुसार शिकवणे हे शाळेचे कर्तव्य आहे, असे या कायद्याचे कलम 16 सांगते. केंद्र सरकारने 2018 मध्ये जी पद्धत ठरवून दिली, तिच्यानुसार शाळेने मूल तिसरीत असताना किंवा आठ वर्षांचे झाल्यावर चाळणी करायची. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळते. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे राहते. आधी बालरोगतज्ज्ञ नजर आणि ऐकणे पाहतात, मग बुद्धीची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची. मुंबईत सायन, केईएम, नायर या पालिका रुग्णालयांत ही सोय आहे. फेऱ्या माराव्या लागतात, काही महिने जातात. म्हणून दहावीचे वर्ष येईपर्यंत थांबू नये.

प्रमाणपत्राने परीक्षेत वाढीव वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठीचा प्रस्ताव शाळेने विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. काही घरांत, विशेषतः मुलगी असली की, भीती असते की कागद झाला तर उद्या स्थळ येताना अडचण होईल. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण प्रमाणपत्र कुणी दारावर लावत नाही. ते फाइलमध्ये असते आणि दहावीच्या निकालात उपयोगी पडते. शिक्षकांनीही असा कागद स्टाफरूममध्ये चर्चेचा विषय करू नये. पालकांचा भरवसा एकदा गेला की ते मुलाला पुन्हा तपासणीला नेत नाहीत.

खासगी तज्ज्ञाकडे जायचे असेल तर एक खबरदारी. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या जाहिराती आजकाल शाळांच्या दारापर्यंत येतात. त्यांवर एक रुपयाही घालवू नका.

प्रमाणपत्र येईपर्यंत वर्गात काय?

तज्ज्ञ भेटेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. सहावीतल्या त्याच मुलाचे उदाहरण घेऊ. त्याला पहिल्या-दुसऱ्या बाकावर बसवावे. फळ्यावरचा लांब मजकूर उतरवायला लावण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीची झेरॉक्स द्यावी. तयारी नसताना वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभे करू नये. वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशीच सांगावा. इतिहासाच्या उत्तरात इतिहासाचे गुण द्यावेत, शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या रंगाने दाखवाव्यात. रोज पंधरा मिनिटे अक्षर आणि आवाज यांचा सराव घ्यावा. नुक्त्यांसाठी रंगीत पेन वापरावे, एका दिवशी दोनच सारखी अक्षरे घ्यावीत. घरी आपा किंवा भाईने धडा वाचून दाखवावा, मुलाने बोट ठेवून सोबत वाचावे.

आणि मार बंद. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला अक्षर ओळखू येत नाही त्याला छडीने ते ओळखू येणार नाही, एवढी गोष्ट तरी घरी आणि शाळेत मान्य व्हायला हवी.

शिक्षकाला कोण विचारणार?

आता आमच्या बाजूचे थोडे. वरचा परिच्छेद वाचून एखादी टीचर म्हणेल, “एका मुलासाठी ठीक आहे, माझ्या वर्गात अशी सहा आहेत. उरलेल्या चाळिसांचं काय?” तिचे खरे आहे. पोर्टलवर माहिती भरणे, शालेय पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीचे काम, तुकडीतल्या एखाद्या मुलीचे ठरू घातलेले लग्न, नुकतेच वडील गेलेला एखादा मुलगा. हे सगळे घेऊन ती तासाला उभी राहते. अशा वेळी आवाज चढतो, शब्द कडवट निघतात. शिक्षक वाईट असतो म्हणून नव्हे, तो एकटा पडलेला असतो म्हणून.

यावर जगभर वापरला जाणारा उपाय साधा आहे. महिन्यातून एकदा एक तासिका, चार-पाच शिक्षक आणि एकाच मुलाविषयी बोलणे. कुणाच्या तासाला ते मूल बरे वागते? तिथे वेगळे काय घडते? चित्रकलेच्या सरांना जे जमले ते गणितात कसे आणता येईल? मानसशास्त्रज्ञ असेल तर तो ही बैठक चालवतो. नसेल तर ज्येष्ठ शिक्षक चालवू शकतो. नियम दोनच. मुलाच्या घरावर टीका करायची नाही, आणि निदान एक गोष्ट ठरवूनच उठायचे. अशा बैठकीतून मुलाला फायदा होतो तो होतोच, शिक्षकाच्या मनावरचा भारही हलका होतो. शिवाय केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र असते. ती पालकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आहे, तशी शिक्षकांसाठीही आहे. फोन करण्यात कमीपणा नाही.

संस्थाचालकांशी दोन शब्द

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरातल्या शैक्षणिक संस्थांसाठी निर्देश दिले. 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी, सर्वांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. आपल्या बहुतेक अंजुमन आणि एज्युकेशन सोसायट्यांच्या शाळांत शंभराहून जास्त मुले आहेत. म्हणजे हा विषय आता आवडीनिवडीचा राहिलेला नाही.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येईलच. एकट्या शाळेला पूर्ण वेळ तज्ज्ञ परवडणार नाही, हे खरे. पण एका तालुक्यातल्या चार-पाच शाळा मिळून एक तज्ज्ञ नेमू शकतात. आठवड्यातून एक दिवस एकेका शाळेला. कमान आणि सभागृहासाठी देणग्या गोळा होतात, संगणक कक्षाचे उद्घाटन होते, त्याच यादीत हा खर्चही बसू शकतो. त्या तज्ज्ञाने भाषणे देत फिरू नये; महिन्याची शिक्षक-बैठक, तिसरीतल्या मुलांची चाळणी आणि पालकांच्या भेटी ही तीन कामे त्याच्याकडून लेखी ठरवून घ्यावीत.

दूरचा विचारही करायला हवा. आपल्या कितीतरी मुली आज कला शाखेत मानसशास्त्र घेतात आणि बी.ए. होऊन थांबतात. एम.ए. करून पुढे परिषदेची नोंदणी मिळवून देणाऱ्या अभ्यासक्रमापर्यंत त्यांतल्या दहाजणी जरी पोहोचल्या, तरी उर्दू वाचू शकणारे दहा तज्ज्ञ आपल्या शाळांना मिळतील. शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टच्या यादीत डॉक्टर, इंजिनिअर असतात. त्यात शालेय मानसशास्त्र आणि विशेष शिक्षणाचे बी.एड. हे दोन शब्द वाढवायला फार खर्च येणार नाही.

तोपर्यंत या महिन्यात प्रत्येकाला करता येईल असे एकेक काम. पालकांनी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. तिसरी-चौथीच्या शिक्षकांनी वाचनात सर्वात मागे असलेल्या तीन मुलांची नोंदवही सुरू करावी, वर दिली आहे तशी, आकड्यांसह. मुख्याध्यापकांनी गट साधन केंद्राला एक पत्र पाठवावे आणि त्याची पोच घ्यावी. आणि दहावीच्या मुलांपैकी कुणाचे प्रमाणपत्र तयार असेल, तर त्याचा प्रस्ताव मंडळाकडे गेला आहे का, हे आजच ऑफिसात विचारावे. मार्चमध्ये विचारून उपयोग होणार नाही.